देवरामला कोण सांगणार?

नाशिकजवळच्या अंबडमधल्या कारखान्यात रोहिणी साळवेचं नाव प्लांट हेड म्हणून जाहीर झालं, तेव्हा कॅन्टीनमध्ये लोकांनी टेबलं इतकी बडवली की चहाचे कप उलटले. ट्रॅक्टरचे पंप बनवणारा तो कारखाना, साडेचारशे माणसांचा. सतरा वर्षांपूर्वी रोहिणी तिथे ट्रेनी म्हणून लागली तेव्हा शॉप फ्लोअरवर बायकांसाठी स्वच्छतागृहसुद्धा नव्हतं; ऑफिसच्या इमारतीपर्यंत चालत जावं लागायचं. आता तोच कारखाना तिच्या हातात आला होता. मॅनेजिंग डायरेक्टर देवव्रत काळे मुद्दाम पुण्याहून आले, गुच्छ दिला, पेढे वाटले गेले, वर्तमानपत्राचा फोटोग्राफर येऊन गेला. आईचा फोन आला. ती रडतही होती आणि मधूनच शेजारणीला सगळं सांगतही होती.

सगळं आटोपून रोहिणी नव्या केबिनमध्ये शिरली. दार लावलं, खुर्चीत बसली. पावणेबारा वाजले होते. नाव जाहीर झालं होतं दहाला. आणि तिच्या लक्षात आलं, की आनंद संपला. वाईट वाटत नव्हतं, दमायलाही झालं नव्हतं. नुसता संपला होता. सतरा वर्षं ज्या दारावर धडका मारल्या ते उघडलं होतं, आणि आत एक टेबल, एक खुर्ची आणि एसीचा रिमोट होता.

काचेवर टकटक झाली. बाहेर देवराम गावित उभा होता, हातात पेढा घेऊन.

देवराम चौदा वर्षं ग्राइंडिंगला होता. पेठ तालुक्यातला, वय चाळिशीच्या आसपास, जन्मापासून ऐकू न येणारा. चालू मशीनवर तळहात ठेवला की आतलं कुठलं बेअरिंग जाणार आहे ते त्याला कळायचं. इंजिनियर मागाहून यंत्र लावून तपासायचे आणि तेच निघायचं. कर्णबधिरांच्या शाळेत तो सातवीपर्यंत शिकला होता. लिहायचा, पण स्वतःच्या व्याकरणानं.

त्यानं खिशातून कागद काढून पुढे केला. ‘मॅडम मोठी झाली. चांगलं.’

रोहिणी हसली, मान डोलावली. देवराम तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं कागद परत ओढला आणि खाली लिहिलं, ‘आनंद? चेहरा नाही.’

ती दचकली. सकाळपासून साडेचारशे माणसांनी तिचा चेहरा पाहिला होता. तिनं लिहिलं, ‘दमले आहे.’ देवरामनं मान हलवली, म्हणजे पटलं नाही. पण तो विषय त्यानं सोडला आणि दुसरंच लिहायला घेतलं.

‘ख्रिसमस तुम्ही चर्च. मी बघितलं. मी रविवार सगळे. मागे बाक.’

रोहिणी ख्रिस्ती घरातली, पणजोबांपासूनची. ज्या दगडी चर्चमध्ये तिचा बाप्तिस्मा झाला तिथेच लग्न लागलं. पण गेली कितीतरी वर्षं तिचा चर्चशी संबंध नाताळापुरता उरला होता. रविवारी एक तर पुढच्या आठवड्याचं नियोजन, नाहीतर झोप. नवरा सुनील मात्र न चुकता जायचा. देवरामही त्याच चर्चमध्ये येतो, हे तिला ठाऊकच नव्हतं.

‘तिथे तुम्हाला काय कळतं?’ तिनं लिहिलं.

देवरामनं पेन घेतलं. या वेळी तो बराच वेळ लिहीत होता.

‘गाणं बाक हलतं. छान. पाळक तोंड दूर. येशू काय बोलतो? तीन वर्ष मी बसतो. कोण सांगणार?’

पेढा टेबलावर ठेवून तो आपल्या मशीनकडे निघून गेला. रोहिणीनं तो कागद तीनदा वाचला.

संध्याकाळी तिनं सुनीलला विचारलं, “आपल्या चर्चमध्ये मागच्या बाकावर एक माणूस बसतो, माहितीये तुला?”

“तो हसऱ्या चेहऱ्याचा? हो तर. दर रविवारी मी हात मिळवतो त्याच्याशी.”

“आणि मग?”

“मग काय, घरी येतो,” सुनील म्हणाला. तो कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. वर्गात मागे बसलेल्या पोराला फळा दिसत नसेल तर त्याला आधी पुढे आणून बसवायचा. “तीन वर्षं,” तो थोड्या वेळानं म्हणाला. “कुणाच्याच डोक्यात आलं नाही गं. माझ्यासुद्धा.”

त्या रविवारी रोहिणी चर्चला गेली आणि थेट मागच्या बाकावर देवरामशेजारी बसली. पर्समध्ये जाड वही होती. पाळक आल्हाद पंडित तरुण होते, भरभर बोलायचे. रोहिणी त्यांचा उपदेश लिहून घेत सुटली. देवराम वाचत होता, पण पान भरेपर्यंत पाळक दोन पानं पुढे गेलेले असायचे, आणि ‘तारण’, ‘अनुग्रह’ असले शब्द आले की देवरामचं बोट तिथेच अडकायचं. शेवटी त्यानं वही हळूच मिटली. तिला वाटलं, तो रागावला.

तो रागावला नव्हता. त्यानं तिचे दोन्ही हात समोर धरायला लावले. मग आपल्या उजव्या हाताचं मधलं बोट डाव्या तळहाताच्या मध्यावर टेकवलं, डाव्याचं उजव्यावर, आणि तिच्याकडे बघून भुवया उंचावल्या.

रोहिणीला कळेना. त्यानं पुन्हा केलं. बोट तळहातावर, जिथे खिळा ठोकला असेल तिथे.

“येशू!” ती मोठ्यांदा म्हणाली. पुढच्या तीन रांगा वळून बघायला लागल्या. तिला पर्वा नव्हती. तिनं आपल्या तळहातावर बोट टेकवलं. उजव्यावर, डाव्यावर. देवरामनं जोरजोरात मान डोलावली आणि इतका हसला की तिलाही हसू आवरेना.

तिथून जे सुरू झालं त्याला वेग यायला वेळ लागला नाही.

कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत प्लांट हेड मॅडम ग्राइंडिंगवाल्यांच्या टेबलावर बसून हातवारे शिकतायत, ही बातमी दोन दिवसांत सगळीकडे झाली. रोहिणीनं सांकेतिक भाषेच्या एका वर्गातही नाव घातलं, पण खरा मास्तर देवरामच. तो कडक होता. हात बरोबर आणि चेहरा कोरा असेल तर तो सरळ पाठ फिरवायचा. त्याच्या भाषेत चेहरा म्हणजे अर्धं वाक्य. साहेबी चेहरा ठेवायची सतरा वर्षांची सवय रोहिणीला मोडावी लागली. भुवया, गाल, खांदे, सगळं कामाला लागलं. एकदा तिनं ‘मेंढपाळ मेंढरं शोधायला गेला’ असं ऐटीत सांगितलं, आणि देवराम टेबलावर डोकं ठेवून हसायला लागला. तिच्या हातांनी सांगितलं होतं, की न्हावी मेंढरं शोधायला गेला.

नोव्हेंबरात देवरामनं सविताला आणलं. ती पंचवटीत शिवणकाम करायची, तिलाही ऐकू यायचं नाही, लहानपणी आजीबरोबर चर्चला जायची आणि कंटाळून सोडून दिलं होतं. सवितानं आणखी दोघांना बोलावलं. नाताळापर्यंत मागचा बाक पुरेना. पाळकांनी बाजूची खोली उघडून दिली, आणि उपासनेनंतर तासभर रोहिणी तिथे पवित्र शास्त्रातली एकेक गोष्ट हातांनी सांगायला लागली. शनिवारी संध्याकाळी ती स्वयंपाकघरात सुनीलसमोर तालीम करायची. सुनीलला ओ की ठो कळायचं नाही, पण तो ओट्याला टेकून शेवटपर्यंत बघायचा.

“तुला माहितीये का,” तो एकदा म्हणाला, “आज तू पंधरा मिनिटं सलग येशूबद्दल बोललीस.”

“मी नाही, उतारा तसा आहे,” रोहिणी म्हणाली. पण ते तिच्या डोक्यात राहिलं. तोंडानं बोलताना शब्द कसाही निसटून जातो. हातानं सांगायचं तर आधी तो कळावा लागतो. ‘क्षमा’ सांगायला गेली आणि तिला थांबून विचार करावा लागला, की म्हणजे नक्की काय? कुणी केली, कुणाला? लहानपणापासून पाठ असलेल्या ओळी पहिल्यांदाच तिच्याकडे वळून बघत होत्या.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी तिनं बहिऱ्या माणसाची गोष्ट घेतली. समोर अकराजण होते. तिनं सांगितलं: एक माणूस, ऐकू येत नाही, बोलता येत नाही. लोक त्याला येशूकडे आणतात. येशू त्याला गर्दीतून बाजूला नेतो. एकट्याला. त्याच्या कानांत बोटं घालतो. जिभेला स्पर्श करतो. वर आकाशाकडे बघतो, मोठा उसासा टाकतो. आणि मग तोंडानं म्हणतो, मोकळा हो.

देवरामचा हात वर गेला. थांब.

‘आधी हात?’ त्यानं विचारलं.

‘हो. हात.’

‘मग तोंड?’

रोहिणीनं पुस्तक उघडून पुन्हा वाचलं. बोटं, जीभ, आकाश, उसासा. चार गोष्टी, आणि शब्द सगळ्यांच्या नंतर. ‘हो,’ तिनं सांगितलं. ‘आधी हात.’

देवराम इतक्या जोरात उठला की खुर्ची मागे कोसळली. ‘त्यानं आमच्यासारखं सांगितलं! त्या माणसाला ऐकू येत नाही, येशूला माहीत! म्हणून हात! म्हणून चेहरा!’ त्यानं सविताचे खांदे धरून हलवले. सविता आधीच उभी राहिली होती. अकराच्या अकरा जण एकदम बोलायला लागले, बावीस हात एकाच वेळी हवेत, कुणी पाय आपटतंय, कुणी टेबल थोपटतंय. तो दणदणाट ऐकून पाळक धावत आले.

“काय झालं? रोहिणीताई, काय झालं?”

“येशू सांकेतिक भाषेत बोलला, असं म्हणतायत!” रोहिणी ओरडून म्हणाली. खोलीत एवढा गोंगाट होता.

पाळकांनी तिच्या हातातलं पुस्तक घेऊन तो भाग वाचला. वाचता वाचता भिंतीला टेकले. “मी यावर किती वेळा उपदेश केलाय,” ते म्हणाले. “मला हे कधी दिसलंच नाही.”

देवराम पुन्हा रोहिणीसमोर येऊन उभा राहिला. आता त्याचे हात शांत होते. ‘गर्दीतून बाजूला,’ त्यानं सांगितलं. ‘एकट्याला. मला.’ मग त्यानं तिच्याकडे बोट दाखवलं, भुवया उंचावल्या. ‘तुला?’

तिला या प्रश्नाचं उत्तर सांगायचं होतं आणि हातांना सापडत नव्हतं. सगळं आयुष्य ती गर्दीतच होती. पुढे जाणाऱ्यांच्या गर्दीत, टाळ्या वाजवणाऱ्यांच्या गर्दीत. आणि तिला वाटलं, अगदी आत्ता, या खोलीत, कुणीतरी आपला दंड धरून आपल्याला बाजूला नेलंय. घाई न करता. जगात दुसरं कुणी नसल्यासारखं. तिनं मधलं बोट तळहातावर टेकवलं. मग दुसऱ्या. येशू. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मी. मला पण. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. ती तिची प्रार्थना होती. कळायला लागल्यापासूनची पहिली.

सोमवारी सकाळी उठल्या उठल्या तिनं भीतभीतच स्वतःला तपासून पाहिलं. अजून आहे का? होता. आनंद होता. त्या दिवशी कारखान्यात एका मोठ्या ऑर्डरचा माल परत आला, दुपारी वीज गेली, युनियनचे लोक केबिनमध्ये येऊन तासभर भांडले. संध्याकाळी गाडीत बसताना तिनं पुन्हा पाहिलं. होता! ती पार्किंगमध्ये एकटीच मोठ्यांदा हसली, आणि वॉचमन घाबरून बघायला आला.

मार्चमध्ये देवव्रत काळे पुन्हा आले. या वेळी त्यांच्याकडे मोठी बातमी होती. कंपनीच्या तिन्ही कारखान्यांचं उत्पादन एका माणसाच्या हाताखाली द्यायचं ठरलं होतं, आणि तो माणूस रोहिणी असावा असं सगळ्या संचालकांचं मत होतं. पुण्यात राहायचं, महिन्यातले पंधरा-वीस दिवस प्रवास.

रोहिणीचं काळीज धडधडलं. नाही कसं धडधडणार? हे पद तिनं मनातल्या मनात कितीदा स्वतःला देऊन पाहिलं होतं. तिनं दोन दिवस मागितले. सुनीलशी बोलली, प्रार्थना केली, आणि तिसऱ्या दिवशी सांगितलं, “सर, मी इथेच राहते. हा प्लांट मनापासून चालवते. ते पद नको.”

“दुसरीकडून बोलावणं आहे?”

“नाही.”

“घरी काही अडचण?”

“नाही सर. रविवारी मला नाशिकात असावं लागतं.”

देवव्रत हसले. ती हसत नाही असं पाहिल्यावर खुर्चीत सरळ बसले. “रोहिणी मॅडम, तुम्ही आयुष्यभर ज्यासाठी राबलात ते समोर आहे. रविवारी असं काय मिळतं तुम्हाला?”

“तुम्ही मला गुच्छ दिलात ना सर, त्या दिवशीचा आनंद दोन तास टिकला. मी घड्याळ बघितलं होतं. मला वाटलं, माझ्यातच काहीतरी बिघडलंय. मग वाटलं, पुढची पायरी आली की टिकेल.” ती थांबली. असं कामाच्या ठिकाणी ती कधी बोलली नव्हती. “आता जो आहे तो मला येशूनं दिलाय. मी कमावलेला नाही, म्हणून तो जाईल अशी धास्ती नाही. आणि तो ज्या माणसांमुळे माझ्यापर्यंत आला, त्यांना सोडून मला पुण्याला जायचं नाही. त्यांना सांगायला अजून खूप राहिलंय.”

देवव्रतनी पेन खिशाला लावलं. “मला यातलं सगळं कळलं असं म्हणणार नाही,” ते म्हणाले. “पण तुम्ही उगाच बोलत नाही, एवढं मला माहीत आहे.” त्यांनी हात पुढे केला.

ते गेल्यावर रोहिणीनं केबिनचं दार लावलं. तिनं सुनीलला फोन लावला. “म्हटलं मी. नाही म्हणून सांगितलं.”

“खरंच?” पलीकडे वर्ग चालू असावा, पोरांचा आवाज येत होता. “खरंच सांगितलंस? थांब, मी बाहेर येतो... रोहिणी, मी इथे व्हरांड्यात उड्या मारतोय, पोरं बघतायत.”

ईस्टरच्या सकाळी चर्च खच्चून भरलं होतं. पाळकांनी एक ठरवलं होतं आणि रोहिणीनं ऐकल्यापासून तिची झोप उडाली होती. पुनरुत्थानाची गोष्ट त्या दिवशी वेदीजवळ उभं राहून देवराम सांगणार होता, हातांनी. आणि रोहिणीनं पहिल्या बाकावर माईक घेऊन बसायचं होतं. देवरामचे हात बघायचे आणि ऐकणाऱ्यांसाठी ते तोंडानं बोलायचं.

देवराम पांढरा शर्ट घालून आला होता. आदल्या दिवशी गावाहून आलेली त्याची आई, आक्काबाई, दुसऱ्या बाकावर लुगड्याचा पदर घट्ट धरून बसली होती. मुलगा एवढ्या लोकांसमोर काय करणार, हे तिला कुणी नीट सांगितलं नव्हतं.

देवरामनं हात उचलले. अंधार. बाग. दगड बाजूला सरकलेला. रोहिणीचा आवाज सुरुवातीला कापत होता, मग लागला. येशूची शिष्या मरीया रडते आहे. कबर रिकामी. मागे कुणीतरी उभं आहे. तिला वाटतं, माळी. देवराम माळी झाला, लगेच मरीया झाला, डोळे पुसले. पुढचं रोहिणीला पाठ होतं: येशू तिला नावानं हाक मारतो. तिनं तोंड उघडलंही.

पण देवरामच्या येशूनं हाक मारलीच नाही. तो हळूच पुढे आला आणि त्यानं मरीयेच्या खांद्यावर दोन बोटांनी थोपटलं, ऐकू न येणारी माणसं एकमेकांना बोलावतात तसं. मरीया वळली. देवरामच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याला रोहिणीकडे शब्द नव्हता. माईक तसाच तोंडाशी राहिला.

मग देवरामनं दोन्ही हात वर फेकले, आणि रोहिणी ओरडली, “तो उठला आहे! जिवंत आहे! मी त्याला पाहिलंय!”

डाव्या बाजूच्या बाकांवर सवितानं दोन्ही हात उंच करून हलवायला सुरुवात केली, तिच्या सगळ्या मंडळींनीही. त्यांच्या टाळ्या अशाच असतात. ते बघून सुनील उठला आणि त्यानं हात हलवले, मग गाणारी मंडळी, मग पाळक, मग सगळं चर्च. तीनशे माणसांचे हात हवेत हलत होते, आवाज नाही, आणि देवराम वेदीपाशी उभा राहून ते डोळे भरून पाहत होता.

उपासना संपल्यावर बाहेर मांडवात नाश्ता होता. रोहिणी प्लेट घेऊन वळली तर समोर आक्काबाई.

“बाय,” तिनं रोहिणीचं मनगट धरलं, “तुला त्याचं बोलणं समजतं. माझं एक काम कर. त्याला सांग. तो सहा वर्षांचा होता, मी त्याला हितं शाळेत ठेवून गेले. फाटकाला धरून लय रडला. मी टाकून नव्हते गेले त्याला. शिकावा म्हणून ठेवला. हे त्याला सांगायला मला आजवर जमलंच नाय.”

रोहिणीनं प्लेट कुठेतरी ठेवली. देवरामला खांद्यावर थोपटून बोलावलं आणि सगळं सांगितलं, आक्काबाईचा चेहरा आपल्या चेहऱ्यावर घेऊन. देवराम आईकडे वळला. मग त्याचे हात भराभर चालायला लागले आणि रोहिणीला मागे पळावं लागलं.

“तो म्हणतो, मला माहीत होतं. रडलो तो पहिला आठवडा. मग तुम्ही आलात, नागलीच्या भाकरी घेऊन. पायात चप्पल नव्हती तुमच्या. तेव्हाच कळलं. तो म्हणतो, ते तुमच्या मनात अजून आहे? चौतीस वर्षं? सोडून द्या, म्हणतो.”

आक्काबाई तोंडाला पदर लावून रडायला लागली. देवरामनं तिला जवळ घेतलं, पण लगेच एक हात सोडवून रोहिणीला खूण केली. त्यालाही विचारायचं होतं.

“तो विचारतो, बाबा त्याला काय म्हणून हाक मारायचे? ते वारले तेव्हा तो लहान होता. त्यांचं तोंड हलायचं ते आठवतं. पण काय म्हणायचे, ते त्याला कधी कळलं नाही.”

आक्काबाईनं डोळे पुसले आणि एकदम हसली. “बेडक्या! भाताच्या खाचरात उड्या मारायचा ना सारखा. ‘बेडक्या, भायेर ये,’ म्हणायचा त्याचा बाप.”

रोहिणीनं दोन बोटं तळहातावर ठेवली आणि टुणकन उडवली. देवरामचे डोळे विस्फारले. त्यानं स्वतःकडे बोट दाखवलं: मी? बेडूक? आणि तो पोट धरून हसायला लागला, सवितानं विचारलं काय झालं, त्यानं तिला सांगितलं, तिनं बाकीच्यांना, आणि क्षणात सगळ्या मांडवभर बेडकं उडायला लागली.

‘आता तू विचार,’ देवरामनं आईला हातांनी सांगितलं, आणि आक्काबाईला ते रोहिणीनं बोलायच्या आधीच समजलं. तिनं खुर्ची ओढली, ऐसपैस बसली. सुनीलनं तिघांसाठी चहा आणून ठेवला.

“विचार बाय,” ती रोहिणीला म्हणाली, “त्याला विचार, हितं त्याला जेवायला नीट मिळतं का.”